चढावर कस लागतो ई-बाईकचा

अमेरिकेत कोलोरॅडो, मोंटानाच्या डोंगरांत एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला जाणारे बरेच जण आता ई-बाईक नेतात. गाडी आवाज करत नाही आणि पेट्रोलचा वासही मागे सोडत नाही. पण निवडताना काय पाहायचं?

आधी मोटर. चाकाच्या हबमधली मोटर सपाटीवर ठीक; खड्या चढावर चाक मंदावलं की ती तापते. पेडलपाशी बसवलेली मोटर गिअरमधून जोर लावते, त्यामुळे चढ सहज काढते.

मग बॅटरी. ४८ व्होल्ट गुणिले १५ अँपिअर-तास म्हणजे ७२० वॉट-तास. स्वार, सायकल आणि सामान मिळून १५० किलो धरले, तर ५०० मीटर उंची गाठायलाच सुमारे २०० वॉट-तास लागतात. मोटरमधली गळती आणि खडबडीत वाट यांचा खर्च वेगळा. थंडीत लिथियम बॅटरीची क्षमता घटते, म्हणून रात्री ती तंबूत घ्यावी. गोठणबिंदूखाली चार्ज केल्यास आत धातुरूप लिथियमचा थर साचून ती कायमची खराब होऊ शकते.

चार इंची टायरमध्ये हवा कमी ठेवली की वाळूत, बर्फात पकड मिळते. डांबरी रस्त्यावर मात्र तेच टायर बॅटरी खातात.

आणि खरेदीआधी नकाशा उघडाच. १९६४ च्या कायद्याने राखलेल्या ‘विल्डरनेस’ क्षेत्रांत ई-बाईकच काय, साधी सायकलही चालत नाही. तिथे पायपीट करा, नाहीतर घोडा घ्या!