कर्णधार फ्रेड कीनर

ब्रिटनच्या पश्चिमेस वेल्स नावाचा एक लहानसा डोंगराळ देश आहे. तेथील खाणींतून निघणारा कोळसा कार्डिफ बंदरातून एके काळी जगभर जात असे. याच कार्डिफ शहरात १८९४ साली फ्रेड कीनर याचा जन्म झाला. लहानपणापासून त्याला फुटबॉलचा नाद होता. १९१२ साली तो ‘कार्डिफ सिटी’ या संघात दाखल झाला.

पुढे दोनच वर्षांत पहिले महायुद्ध भडकले. फुटबॉल खेळाडूंची एक खास पलटण उभारण्यात आली, तीत कीनर भरती झाला. १९१६ साली फ्रान्समधील सोमच्या रणभूमीवर त्याच्या पायाला गंभीर जखम झाली. ज्या पायांवर त्याचे सारे जीवन अवलंबून होते, त्यांपैकीच एक जायबंदी झाला! हा आता पुन्हा मैदानावर दिसणार नाही, असेच अनेकांना वाटले. परंतु कीनरने धीर सोडला नाही. युद्ध संपल्यावर तो पुन्हा खेळू लागला.

वेल्समधील काही संघ इंग्लंडच्या स्पर्धांत भाग घेत. १९२४ साली अशाच एका मोठ्या स्पर्धेच्या अखेरीस कार्डिफ व हडर्सफील्ड या संघांचे गुण सारखेच, म्हणजे ५७ झाले. अशा वेळी संघाने केलेल्या गोलांना त्याच्यावर झालेल्या गोलांनी भागीत आणि ज्याचा भागाकार मोठा, तो विजेता ठरे. हडर्सफील्डने ६० गोल केले होते व त्याच्यावर ३३ झाले होते. कार्डिफचे आकडे ६१ व ३४ असे होते. मुलांनो, हे भागाकार तुम्हीच करून पाहा, म्हणजे विजेतेपद किती थोडक्यात हुकले ते कळेल. कार्डिफच्या लेन डेव्हिसने शेवटच्या सामन्यातील पेनल्टी चुकवली नसती, तर ही वेळच आली नसती.

पुढच्याच वर्षी कीनरच्या नेतृत्वाखाली कार्डिफने ‘एफ. ए. चषक’ स्पर्धेची अंतिम फेरी गाठली. पण तेथेही एका गोलाने हार पत्करावी लागली. लागोपाठच्या अशा अपयशांनी एखादा संघ खचून गेला असता. कीनरचा संघ मात्र पुन्हा सरावाला लागला.

अखेर २३ एप्रिल १९२७ चा दिवस उजाडला. लंडनच्या वेम्बली मैदानावर अंतिम सामन्यात कार्डिफची गाठ बलाढ्य आर्सेनलशी पडली. सुमारे ९१ हजार प्रेक्षक जमले होते आणि या अंतिम सामन्याचे वर्णन रेडिओवरून प्रथमच ऐकवले जात होते. बराच वेळ कोणालाच गोल करता आला नाही. शेवटी कार्डिफच्या ह्यूई फर्ग्युसनने चेंडू टोलवला. आर्सेनलचा गोलरक्षक डॅन लुईस याने तो अडवला खरा, पण चेंडू त्याच्या हातून निसटला आणि गोल झाला! दैवाचा खेळ असा, की हा लुईसही वेल्सचाच सुपुत्र होता. कार्डिफ विजयी झाले. पेनल्टी चुकवलेला लेन डेव्हिसही त्या विजयी संघात होता. इंग्लंडबाहेरील संघाने हा चषक जिंकण्याचा प्रसंग त्यानंतर आजवर पुन्हा आलेला नाही.

कीनर वेल्स देशाकडून ३२ सामने खेळला. १९३० साली स्कॉटलंडविरुद्धच्या सामन्यासाठी अनेक नामांकित वेल्श खेळाडूंना त्यांच्या संघांनी सोडले नाही. तेव्हा अननुभवी सोबत्यांना घेऊन छत्तीस वर्षांचा कीनर मैदानात उतरला आणि सामना १–१ असा बरोबरीत सोडवला.

१९७२ साली कीनर निधन पावला. २०१२ साली कार्डिफच्या मैदानाबाहेर त्याचा चषक उंचावलेला पुतळा उभारण्यात आला. पुतळ्याच्या हाती चषक दिसतो. पण तो मिळण्यापूर्वीची जखम, दोन पराभव आणि त्यांनंतरचा सराव दिसत नाही. तो चषक खरा मिळाला, तो त्यांच्याच बळावर.