सही जुळत होती

बँकेतल्या पहिल्या परीक्षेसाठी मी जे इंग्रजी पुस्तक घोकले, त्यात विशेष प्रकारच्या खातेदारांवर एक प्रकरण होते. अज्ञान मुले, पर्दानशीन स्त्रिया, दारूच्या अंमलाखालचा माणूस आणि ल्युनॅटिक, ही सारी मंडळी एकाच रांगेत उभी! त्यांच्याशी व्यवहार जपून करावा, हे त्या प्रकरणाचे सार. ते पाठ करून मी गुण मिळवले आणि विसरून गेलो.

वेडाचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर उंच भिंती येतात. ‘याला ठाण्याला न्या’, ‘त्याची येरवड्याला रवानगी करा’, असे आपण थट्टेत सहज म्हणून जातो. पण भिंतींइतकाच जुना आहे तो कागद. कंपनी सरकार जाऊन राणीचे राज्य येत होते, त्या १८५८ सालात वेड्यांविषयी तीन कायदे झाले. त्यांतला एकच वेड्यांच्या इस्पितळांबद्दल होता. उरलेले दोन होते वेड्या ठरलेल्या माणसाच्या इस्टेटीचे काय करायचे, यासाठी! माणूस कुठे ठेवायचा याइतकीच काळजी त्याची जमीन, घर, पैसा कोणाच्या हाती द्यायचा याची. पुढे १९१२ चा ल्युनसी अ‍ॅक्ट आला. त्यात ‘ल्युनॅटिक’ हा शब्द होता, त्याच्या व्याख्येत ‘इडियट’ही होता, आणि तो कायदा स्वातंत्र्यानंतरही चाळीसहून अधिक वर्षे चालू राहिला. १९८७ साली नवा कायदा संमत झाला खरा, पण अंमलात यायला १९९३ उजाडले.

मधल्या काळात औषधे बदलली होती. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझीन हे औषध मनोरुग्णांना देऊन पाहिले गेले आणि काही वर्षांत ते जगभर पोचले. एरवी इस्पितळातच आयुष्य काढणारी कितीतरी माणसे त्यानंतर घरी परतू लागली. पण घरच्यांना, शेजाऱ्यांना आणि आम्हा बँकवाल्यांना ती परत येतील याची सवयच नव्हती.

असाच एकजण १९८९ च्या सुमारास माझ्या शाखेत आला. छापखान्यात कंपॉझिटर होता. आठ महिन्यांपूर्वी त्याच्या थोरल्या भावाने अर्ज दिला होता, धाकटा मनोरुग्णालयात आहे, खाते थांबवावे. भाऊ वाईट नव्हता. कोणी चेकबुकावर सही करून घेईल, ही त्याची भीती रास्त होती. मीच लेजरवर लाल शाईने शेरा मारला.

आता खातेदार स्वतः समोर होता. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, हातात इस्पितळातून सोडल्याचा कागद. पैसे काढायची स्लिप त्याने पुढे केली. मी स्पेसिमेन कार्ड काढले. खिळे जुळवण्यात जन्म गेलेला माणूस तो. सहीतली वेलांटीसुद्धा इकडची तिकडे नव्हती.

“साहेब, सही जुळते ना?”

“जुळते. पण कोर्टाची ऑर्डर लागेल.”

“मला वेडा ठरवायला कुठे कोर्टाची ऑर्डर लागली?”

मी उत्तर दिले नाही. वरच्या ऑफिसला विचारतो, असे काहीतरी पुटपुटलो. खरे म्हणजे मला त्याची नव्हे, ऑडिटरची भीती वाटत होती.

पुढे कादंबरीसाठी वाचन करताना १८७२ चा करार कायदा पुन्हा हाती आला. बाराव्या कलमाखाली एक उदाहरण आहे. वेड्यांच्या इस्पितळातला रुग्णसुद्धा, मधूनमधून भानावर येत असेल तर, त्या काळात करार करू शकतो. इस्पितळात असताना! आणि मी घरी आलेल्या माणसाला परत पाठवले होते. परीक्षेसाठी ते कलम मी वाचलेले होते, हे विशेष. मात्र लक्षात राहिले होते ते फक्त ‘जपून राहावे’.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, जो २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला, हे आणखी स्पष्ट केले. मानसिक आजाराचे निदान झाले एवढ्यावरून कोणी विकल मनाचा ठरत नाही, ते कोर्टानेच ठरवावे लागते. म्हणजे कंपॉझिटरचा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात पोचायला जवळजवळ तीस वर्षे लागली.

त्याचे पैसे अखेर मिळाले. पुढच्या आठवड्यात तो भावाला घेऊन आला. दोघांच्या सह्या घेतल्या, भावाकडून हमीपत्र लिहून घेतले, आणि कॅशियरकडे स्लिप पाठवून पितळी टोकन मी कंपॉझिटरच्या हातात दिले. तो ते मुठीत धरून बाकावर बसला. नंबर पुकारला गेला तेव्हा तो उठला. भावाने त्याला हाताने खाली बसवले, मूठ उघडून टोकन काढून घेतले आणि स्वतः खिडकीशी गेला.

मी माझ्या जागेवरून पाहत होतो. माझ्या शेजारी पुढचा खातेदार पासबुक घेऊन उभा होता.