कासवाच्या पिल्लांना आपलं बुकिंग ठाऊक नसतं

लोकलमध्ये एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने स्क्रोल करणारे, रात्री झोपण्याआधी एक भाग संपवणारे, सगळ्यांचं स्वागत. ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय.

आजचा विषय आहे शाश्वत पर्यटन. शब्द जड आहे, कबूल. म्हणून व्याख्या बाजूला ठेवू आणि सरळ एका गावात जाऊ.

मार्च महिना. सकाळचे पावणेसात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं वेळास. हो, नाना फडणवीसांचं वेळास. किनाऱ्यावर दोरी बांधलेली, दोरीच्या अलीकडे आम्ही साठ-सत्तर जण, हातात मोबाईल, कॅमेरा चालू. पलीकडे कुंपणात वाळूवर टोपल्या पालथ्या घातलेल्या. गावातला एक मुलगा एकेक टोपली उचलून बघतो. पहिली रिकामी. दुसरी रिकामी. सगळ्याच रिकाम्या.

माझ्या शेजारचे काका वैतागले. "अहो, पैसे भरून आलोय आम्ही!"

तो मुलगा शांतपणे म्हणाला, "काका, पैसे राहण्या-जेवणाचे घेतलेत. पिल्लांचे नाय घेतले."

मंडळी, आजचा सगळा भाग या एका उत्तरावर आहे. कारण असं उत्तर द्यायची ताकद प्रत्येक पर्यटन गावाकडे नसते. वेळासकडे ती कुठून आली?

आधी काय होतं?

ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं कोकण किनाऱ्यावर अंडी घालायला येतात. मादी रात्री येते, वाळूत खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, खड्डा बुजवते आणि परत समुद्रात. नंतर ती मागे वळून बघत नाही. अंड्यांवर टपलेले असतात कुत्रे, कोल्हे आणि अर्थातच माणसं. हे कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. पण अंडी खाणं आणि विकणं अनेक ठिकाणी सर्रास चालायचं.

२००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने वेळासमध्ये संरक्षणाचं काम सुरू केलं. भाऊ काटदरे हे त्यामागचं नाव. गावातल्याच लोकांना सोबत घेतलं. पहाटे किनारा फिरायचा, कासवाच्या पावलांची रेघ शोधायची, अंडी अलगद काढून कुंपणात तशाच खोलीच्या खड्ड्यात ठेवायची. या कुंपणाला हॅचरी म्हणतात. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पर्यटकांनी यायचं, गावकऱ्यांच्या घरी राहायचं, घरचं जेवायचं, पिल्लं समुद्रात जाताना बघायची. पुढे वनविभाग आणि गावागावांतले कासवमित्र यांनी हे काम कोकणात बऱ्याच किनाऱ्यांवर नेलं.

यातली खरी गोष्ट कळली का? अंडं विकलं तर पैसे एकदाच मिळतात. अंडं जपलं तर दरवर्षी पाहुणे येतात, आणि त्या पाहुण्यांचा पैसा काकूंच्या स्वयंपाकघरात, गावातल्या वाण्याकडे, रिक्षावाल्याकडे जातो. गावाचं पोट आणि कासवाचं अंडं एकाच बाजूला आलं.

मग यात टेक्नॉलॉजी कुठे आली?

पहिलं यंत्र म्हणजे वही. हसू नका! प्रत्येक घरट्याला नंबर आणि तारीख असते. अंडी घातल्यापासून साधारण ४५ ते ५५ दिवसांत पिल्लं बाहेर येतात. वाळू गरम असेल तर लवकर, थंड असेल तर उशिरा. (बाय द वे, पिल्लू नर होणार की मादी हेसुद्धा वाळूचं तापमान ठरवतं. जास्त गरम वाळूत माद्या जास्त.) म्हणजे वहीवरून गाव सांगू शकतं की अमुक आठवड्यात शक्यता चांगली आहे. शक्यता, बरं का. गॅरंटी नाही.

दुसरं यंत्र तुमच्या खिशात आहे. ज्या काकूंकडे मी राहिलो, त्यांच्याकडे बुकिंग फोनवर आणि व्हॉट्सअॅपवर झालं. पैसे यूपीआयने थेट त्यांच्या खात्यात. समजा दोन दिवसांचे २,००० रुपये झाले, तर ते पूर्ण २,००० त्यांच्याकडे. हेच बुकिंग मोठ्या पोर्टलवरून झालं असतं आणि पोर्टलने १५ टक्के कमिशन घेतलं असतं, तर ३०० रुपये गावाबाहेर. पण पैशापेक्षा मोठी गोष्ट वेगळी आहे. काकूंनी मला आधी विचारलं होतं, "बाळा, पिल्लं दिसली नाहीत तर चालेल ना? नाहीतर पुढच्या आठवड्यात ये." पोर्टल असं कधी विचारतं का? त्याला खोली भरायची असते.

तिसरं यंत्र आकाशात आहे. २५ जानेवारी २०२२ रोजी वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर सॅटेलाइट ट्रान्समीटर बसवला गेला. पश्चिम किनाऱ्यावरचं हे पहिलंच कासव, म्हणून नाव 'प्रथमा'. कांदळवन प्रतिष्ठान आणि भारतीय वन्यजीव संस्थेचा हा प्रकल्प. कासव श्वास घ्यायला वर आलं की सिग्नल जातो. पुढच्या वर्षी गुहागरला टॅग केलेली 'बागेश्री' पार श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. मंडळी, आपल्या एका छोट्या गावाने राखलेली वाळू आणि पलीकडचा अख्खा समुद्र यांचं नातं त्या नकाशावर दिसलं.

पण मोबाईल दुधारी आहे

एक रील व्हायरल झाली की शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. लहानशा गावात, ऐन उन्हाळ्यात. कोकणात पाऊस धो धो पडतो, पण मार्च-एप्रिलमध्ये विहिरी तळाला जातात. प्रत्येक पाहुण्याची बादली त्याच विहिरीतून येते.

आणि फ्लॅश. पिल्लं वाळूतून निघाली की उजेडाच्या दिशेने चालतात. रात्री समुद्रावरचं आकाश त्यातल्या त्यात उजळ असतं, म्हणून ती समुद्राकडे जातात. आपण टॉर्च किंवा फ्लॅश मारला की त्यांचा रस्ता चुकतो. हजारातलं एखादंच पिल्लू मोठं होतं असं म्हणतात. त्यात आपल्या फोटोसाठी आणखी एक कमी करायचं का?

म्हणून मला वाटतं, गावात नेटवर्क आलं, अॅप आलं, क्यूआर कोड आला एवढ्याने पर्यटन शाश्वत होत नाही. 'आज नाही', 'एवढेच पाहुणे', 'दोरीच्या पलीकडे नाही' हे म्हणायचा हक्क गावाच्या हातात राहिला पाहिजे. फोन त्या हक्काला मदत करत असेल तर उत्तम. बाहेरचा कुणी त्याच फोनवरून गावाच्या नावाने गर्दी विकत असेल, तर गावाकडे फक्त कचरा उरतो.

पुढच्या वेळी कुठेही जाताना, काजवे बघायला असो की कास पठारावर, बुकिंगआधी तीन प्रश्न विचारा. माझे पैसे कुणाच्या खात्यात जाणार? गावाने 'नाही' म्हटलं तर ऐकलं जातं का? मी परत आल्यावर तिथे माझं काय मागे राहणार?

आणि हो, त्या काकांचं काय झालं? संध्याकाळी पुन्हा सगळे जमलो. चौथ्या टोपलीखाली अकरा पिल्लं होती. तळहाताहून लहान, काळी, धडपडत निघालेली. काका रेकॉर्डिंग करत होते, फ्लॅश बंद ठेवून. शेवटचं पिल्लू लाटेत गेल्यावर त्यांनी त्या मुलाला विचारलं, "ही परत कधी येणार रे?"

"माद्या असल्या तर येतील, काका. पंधराएक वर्षांनी. तोवर किनारा ठेवायचा आपण."

तर मंडळी, तुमच्या गावात असं काही चालू असेल तर आम्हाला नक्की सांगा, आणि सांगण्याआधी गावाला विचारा की गर्दी परवडेल का. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, फिरत राहा, आणि फ्लॅश बंद ठेवा!