आल्बोर्गमधला चौथा गोल

२०१६ च्या युरो स्पर्धेत आइसलँडने नीसमध्ये इंग्लंडला २-१ असं घरी पाठवलं, तेव्हा जो तो चमत्कार झाला म्हणत होता. मी मात्र भेटेल त्याला पिडत होतो, की अहो, ही पोरं मी पाच वर्षांपूर्वीच पाहिली आहेत! विजयी गोल करणारा कोल्बेइन सिगथोर्सन, कप्तान आरोन गुन्नार्सन, गिल्फी सिगुर्दसन, बिर्किर ब्यार्नासन, योहान बर्ग, आल्फ्रेद फिन्बोगासन ही सगळी मंडळी २०११ साली आइसलँडच्या २१ वर्षांखालील संघात होती. त्या देशाच्या फुटबॉलची गोष्ट सगळे मोठ्यांच्या संघापासून सांगतात. ती सुरू होते पोरांच्या संघापासून.

थोडं नियमांचं उरकून घेतो. २१ वर्षांखालील युरो १९७८ पासून चालू आहे. वयाची अट पात्रता फेरीच्या सुरुवातीला लागते, त्यामुळे मुख्य स्पर्धेत तेविशीतलेही खेळाडू दिसतात. २०११ मध्ये डेन्मार्कला आठ संघ खेळणार होते. आइसलँडची लोकसंख्या तेव्हा ३ लाख २० हजारांच्या आसपास, म्हणजे मुंबईच्या एखाद्या विधानसभा मतदारसंघात मतदार असतात साधारण तेवढी. झालं.

आता मजा. पात्रता गटात होता जर्मनी, २००९ चा विजेता. ऑगस्ट २०१० मध्ये हाफ्नारफ्योर्दुरच्या मैदानावर या पोरांनी जर्मनीला ४-१ ने झोडपलं आणि गतविजेते मुख्य स्पर्धेला मुकले. प्रशिक्षक होते एयोल्फुर स्वेरिसन, १९९२ मध्ये बुंडेसलिगा जिंकणाऱ्या स्टुटगार्ट संघातले खेळाडू. जर्मनांना हरवण्याची गंमत त्यांच्याइतकी कुणाला कळली असेल?

पुढे स्कॉटलंडशी दोन सामन्यांची लढत आली, आणि पेच पडला. दुसरा सामना ११ ऑक्टोबरला एडिंबरात, तर १२ तारखेला मोठ्यांचा संघ रेक्याविकमध्ये पोर्तुगालशी खेळणार. रोनाल्डो दारात येणार आणि आपले चांगले गडी परदेशी! कुठल्याही महासंघाने पोरांना बाजूला सारलं असतं. आइसलँडच्या महासंघाने उलट केलं. हुकमी खेळाडू धाकट्या संघाला दिले. मोठे १-३ ने हरले. एडिंबरात गिल्फीने दुरून हाणलेल्या दोन गोलांनी स्कॉटलंडचा निकाल लावला. दोन्ही सामने २-१, दोन्ही आइसलँडचे. त्या देशाच्या फुटबॉलमधला सगळ्यात शहाणा निर्णय मी यालाच म्हणेन.

मुख्य स्पर्धेत आधी बेलारूसकडून ०-२, मग स्वित्झर्लंडकडून ०-२. उरला यजमान डेन्मार्क. इथे थोडं मागे जायला हवं. १९४४ मध्ये प्रजासत्ताक होईपर्यंत आइसलँडचा राजा डेन्मार्कचाच होता, आणि १९६७ मध्ये कोपनहेगनला डेन्मार्कने आइसलँडला १४-२ ने हरवलं होतं. चौदा! तो आकडा तिथे शाळकरी पोरांनाही पाठ असतो. मोठ्यांच्या संघाला तोवर डेन्मार्कवर एकही विजय मिळाला नव्हता.

१८ जून २०११, आल्बोर्ग. मी अडखळत चालणाऱ्या इंटरनेटवर हा सामना पाहत होतो. समोर ख्रिश्चन एरिक्सनसारखा मोहरा. उत्तरार्धात कोल्बेइनचा गोल, पाठोपाठ दोन मिनिटांत बिर्किरचा. मग डेन्मार्कने एक फेडला, आणि अगदी शेवटी ह्योर्तुर लोगीने तिसरा मारला. ३-१. तिकडे बेलारूस स्वित्झर्लंडकडून ०-३ ने हरला, म्हणजे बेलारूस, आइसलँड आणि डेन्मार्क, तिघांचे गुण तीन-तीन. मग तिघांच्या आपसातल्या सामन्यांचा हिशेब: बेलारूस अधिक एक, आइसलँड शून्य, डेन्मार्क उणे एक. आइसलँडने आणखी एक गोल केला असता तर फरक बेलारूसइतका झाला असता आणि जास्त गोलांच्या जोरावर उपांत्य फेरी त्यांची होती. बेलारूस पुढे गेला, तिसरा आला आणि लंडन ऑलिंपिकलाही खेळला. मला तो चौथा गोल अजून सलतो. आइसलँडच्या लोकांनी तो कधीच मागे टाकला असेल, माझं काय ते वेगळं.

पुढे कोपावोगुरला जाण्याचा योग आला. स्मारालिंद मॉलशेजारी फीफान नावाचा मोठा बंदिस्त फुटबॉल हॉल आहे. बाहेर वारा कान कापत होता आणि आत चिमुरडी पोरं कृत्रिम गवतावर पास देत होती. प्रशिक्षक पगारी, परवानाधारक. असा पूर्ण मैदानाएवढा पहिला हॉल २००० मध्ये केफ्लाविकजवळ झाला. त्याआधी हिवाळ्यात खडीची मैदानं. गिल्फी, आल्फ्रेद, योहान बर्ग हे तिघेही फीफानच्या ब्रेदाब्लिक क्लबचे. तरीही हॉलचे गोडवे जरा जास्तच गायले जातात असं मला वाटतं. बिर्किर तर लहानपणीच नॉर्वेला गेला होता, गिल्फी पंधरा-सोळाचा असतानाच इंग्लंडात रेडिंगकडे गेला. पोरांना वेळेवर बाहेर जाऊ देणं आणि देशासाठी पुन्हा एका संघात आणणं, हे श्रेय सिमेंटच्या छपराला कसं द्यायचं?

२०२१ मध्ये आइसलँड पुन्हा या स्पर्धेला पात्र ठरला. तिन्ही सामने हरला, त्यातला एक परत डेन्मार्कशीच. एकमेव गोल रशियाविरुद्ध, स्वेन आरोन गुद्योनसनचा. त्याचे वडील एइदुर १९९६ मध्ये तालिनला स्वतःच्या वडिलांच्या, आर्नोरच्या, जागी बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरले होते. आणि ज्यांनी हा संघ पात्र ठरवला त्या आर्नार विदार्सन यांना स्पर्धेआधीच मोठ्यांच्या संघाचं प्रशिक्षकपद मिळालं. सहायक कोण, तर हेच एइदुर.