सल्लागार कोणाचे मीठ खातो?

कापड बाजारात दलाल आला की आपण आधी पाहतो, याची दलाली कोण देणार? घरच्या पैशाचा सल्ला घेताना मात्र हा सवाल विसरतो. मीही विसरलो. ओळखीच्या एजंटाच्या भरवशावर मोठ्या हप्त्याची विमा पॉलिसी घेतली. मंदी आली, तिसऱ्या वर्षी ती मोडावी लागली. भरले त्यापेक्षा बरेच कमी हाती आले.

एजंटाला कमिशन कंपनी देते. पॉलिसी खपली तर त्याची चूल पेटते. यात बेइमानी नाही, पण तो कंपनीचा माणूस.

गुंतवणूक सल्लागाराचा पेशा वेगळा. सेबीच्या २०१३ च्या नियमांनुसार त्याला नोंदणी आणि परीक्षेची सक्ती आहे. तो फी आपल्याकडून घेतो. ज्याला सल्ला दिला, त्यालाच कमिशनवर योजना विकण्यास २०२० च्या दुरुस्तीने मनाई केली.

व्यापारी बंधूंनो, फी देणे जिवावर येते, हे मान्य. पण फुकटचा सल्ला मला महाग पडला. म्हणून दोन गोष्टी करा. त्याचा नोंदणी क्रमांक सेबीच्या यादीत तपासा आणि सरळ विचारा, ‘आपली कमाई कोणाकडून?’ उत्तर टाळणाऱ्याला चहा पाजा, चेक देऊ नका.