मेलबर्नचा एक शनिवार

मराठीच्या तासाला मागच्या बाकावर बसणारी मुले दोन प्रकारची असतात. काही झोपतात आणि काही खिडकीबाहेर बघतात. नागपूरच्या एका महाविद्यालयात बरीच वर्षे शिकवीत असल्यामुळे या दोन्ही जातींशी माझा चांगला परिचय आहे. दोन वर्षांपूर्वी मात्र बी.ए.च्या दुसऱ्या वर्गात तिसऱ्या जातीचा एक मुलगा आला. तो झोपत नसे, बाहेरही बघत नसे. नुसते पाय हलवीत बसे. जणू बाकाखाली एखादा चेंडू आहे आणि तो दुसऱ्या कुणाच्या हाती, म्हणजे पायी, लागू द्यायचा नाही!

मुलगा कामठीहून येई. म्हणजे यायचा तेव्हा येई. हजेरीपटात त्याच्या नावापुढची घरे रिकामीच असत. चौकशी केली तेव्हा कळले की स्वारी फुटबॉल खेळते, आणि तेही सेंटर फॉरवर्ड. परीक्षा तोंडावर आली, हजेरी भरेना, तेव्हा मी वडिलांना बोलावून घेतले. ते ऑटोरिक्षा चालवीत. खुर्चीच्या अगदी कडेला बसून ते म्हणाले, "सर, त्या बॉलच्या मागं धावून पोट भरते का? तुमीच सांगा त्याले."

मी सांगितले. उपदेश करण्याची सवय आम्हां मास्तरांच्या जिभेला असतेच. खेळ चांगला, पण खेळ म्हणजे भाकरी नव्हे, वगैरे वगैरे. मुलाने सगळे ऐकून घेतले आणि शेवटी खाली मान घालून विचारले, "सर, नेव्हिल डिसूझा माहीत आहे तुम्हांला?"

मला वाटले, असेल कुणी गोव्याकडचा कवी!

माझा चेहरा बघून तो ओळखायचे ते ओळखला. "राहू द्या, सर," म्हणाला आणि निघून गेला. त्या 'राहू द्या'ने मात्र माझी झोप उडवली. विद्यार्थ्याला ठाऊक आणि मास्तराला नाही, ही गोष्ट सहन होण्यासारखी नसते. मी शोधाला लागलो. खरे सांगायचे तर त्या मुलाला निरुत्तर करण्यासाठी एखादा दाखला मिळावा, एवढाच माझा हेतू होता.

अनवाणी ते बूट

नेव्हिल डिसूझा हा १९३२ साली जन्मलेला, गोमंतकीय घरातला, मुंबईच्या मैदानांवर नावारूपाला आलेला खेळाडू. त्याचा गोवा तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात होता. तो मुक्त झाला १९६१ साली. म्हणजे घराणे एका राजवटीच्या मुलखातले आणि अंगावरचा सदरा दुसऱ्या देशाचा. मुंबईत तो टाटांच्या संघातून खेळे.

त्या काळचा आपला फुटबॉल कसा होता? १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून अवघ्या एका गोलने हरले. जगाला मोठे कौतुक वाटले. १९५२ साली हेलसिंकीच्या थंडीत तेच कौतुक अंगाशी आले. युगोस्लाव्हियाने आपल्यावर दहा गोल चढवले. आपला झाला एक. त्यानंतर मात्र बूट सक्तीचे झाले.

बूट आले तसे डोकेही आले. ते डोके हैदराबादच्या सय्यद अब्दुल रहीम यांचे. हे गृहस्थ मूळचे शाळामास्तर, हे वाचून मला जरा बरे वाटले. त्यांच्या हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ अशी दोनदा आशियाई स्पर्धेतील सुवर्णपदके जिंकली. या मास्तरांनीच १९५६ साली आपला संघ मेलबर्नला नेला. कर्णधार होते समर बॅनर्जी, उजव्या बगलेवर तरुण पी. के. बॅनर्जी आणि मध्ये, गोलाच्या समोर, चोवीस वर्षांचा नेव्हिल.

नव्वद मिनिटे

पहिल्या फेरीत आपली गाठ हंगेरीशी पडायची होती; पण त्या वर्षी हंगेरीत उठाव होऊन रशियन रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले होते. त्यांचा फुटबॉल संघ आलाच नाही आणि भारताला पुढची फेरी न खेळताच मिळाली. दैवाने दार उघडले म्हणा ना! पण दारातून आत तर स्वतःच्या पायांनीच जावे लागते.

१ डिसेंबर १९५६, शनिवार. समोर यजमान ऑस्ट्रेलिया. नवव्या मिनिटाला समर बॅनर्जींचा फटका गोलाच्या आडव्या दांडीवर आदळून परत आला आणि नेव्हिलने तो जाळ्यात धाडला. सतराव्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाच्या मॉरोने बरोबरी केली. तेहतिसाव्या मिनिटाला पी. के. ने उजवीकडून चेंडू दिला. नेव्हिलचा दुसरा गोल. एकेचाळिसाव्या मिनिटाला पुन्हा मॉरो, पुन्हा बरोबरी. मध्यंतरानंतर पाचच मिनिटांत नेव्हिलचा तिसरा. ऐंशीव्या मिनिटाला कृष्ण 'किट्टू' याने चौथा गोल करून शिक्कामोर्तब केले. भारत चार, ऑस्ट्रेलिया दोन.

ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा नेव्हिल हा पहिला आशियाई खेळाडू, आणि उपांत्य फेरी गाठणारा भारत हा पहिला आशियाई देश. ज्या खेळात आपली गणना चिमुकल्या राष्ट्रांत होते, त्या खेळातली ही गोष्ट आहे.

उपांत्य सामना ४ डिसेंबरला, पुन्हा त्याच युगोस्लाव्हियाशी. चार वर्षांपूर्वी दहा गोल खाल्लेल्या संघाने या वेळी पहिला अर्धा डाव कोरा राखला. बावन्नाव्या मिनिटाला तर नेव्हिलने गोल करून भारताला आघाडीच मिळवून दिली! ती आघाडी दोन मिनिटे टिकली. चोपन्नाव्या मिनिटाला पापेत्स, सत्तावन्नाव्याला व्हेसेलिनोविच, पुढे पुन्हा पापेत्स, आणि अखेर आपल्याच सलामच्या हातून झालेला स्वयंगोल. एक विरुद्ध चार. पण त्या दोन मिनिटांचे मोल मला फार वाटते. दोन मिनिटे आपण ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत होतो!

विसरण्याचा आठवडा

आता वाचक विचारतील, की एवढा पराक्रम झाला, तर आमच्या आजोबांच्या तोंडून आम्ही तो कसा ऐकला नाही? मीही हाच विचार करीत तारखा लावून पाहिल्या आणि थक्क झालो.

ब्राँझ पदकासाठी भारत-बल्गेरिया सामना झाला ७ डिसेंबरला. आपण तीन गोलांनी हरलो. त्याच्या आदल्याच दिवशी, ६ डिसेंबरला, मेलबर्नलाच आपल्या हॉकी संघाने पाकिस्तानला हरवून सुवर्णपदक जिंकले. जिथे सोने आले तिथे हुकलेल्या काशाची कोण बात करणार? आणि त्याच ६ डिसेंबरला दिल्लीत बाबासाहेब आंबेडकर गेले. जेमतेम साडेसात आठवड्यांपूर्वी, १४ ऑक्टोबरला, याच नागपुरात त्यांनी लाखोंच्या साक्षीने धम्मदीक्षा घेतली होती. ७ तारखेला मुंबईत दादरच्या समुद्रकाठी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्या दिवशी नागपुरातल्या कितीतरी घरांत चूलही पेटली नसेल. मेलबर्नला कोण हरले, कोण जिंकले, याची शुद्ध कुणाला असणार?

आणखी एक गंमत. त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला नागपूर मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आले होते. म्हणजे मुंबईचा नेव्हिल महिन्यापुरता का होईना, नागपूरकरांच्याच राज्यातला खेळाडू होऊन मेलबर्नला उतरला होता. आम्हांला त्याचा पत्ताच नव्हता.

चार गोल, दोन आयुष्ये

त्या ऑलिंपिकमध्ये सर्वांत जास्त, म्हणजे प्रत्येकी चार गोल करणारे तिघे होते: बल्गेरियाचा मिलानोव, युगोस्लाव्हियाचा टोडोर व्हेसेलिनोविच आणि आपला नेव्हिल. यांपैकी व्हेसेलिनोविच आणि नेव्हिल यांचा चौथा गोल एकाच सामन्यात, पाच मिनिटांच्या अंतराने झाला. तिथून पुढे दोघांच्या वाटा पाहा.

व्हेसेलिनोविच १९५८ ची विश्वचषक स्पर्धा खेळला, पुढे परदेशी क्लबांतून खेळला, मग प्रशिक्षक झाला. १९८४ च्या युरोपीय स्पर्धेत युगोस्लाव्हियाचा संघ त्याच्या हाती होता. १९८९ साली तुर्कस्तानच्या फेनरबाचे संघाने त्याच्या मार्गदर्शनाखाली लीग जिंकली, ती एका हंगामात १०३ गोल करून. तो वारला २०१७ साली, पिकल्या वयात. साऱ्या आयुष्यभर फुटबॉल हाच त्याचा धंदा होता.

नेव्हिल मुंबईला परतला. १९५८ चा रोव्हर्स चषक जिंकणाऱ्या कॅल्टेक्स संघात तो होता. १९६० च्या रोम ऑलिंपिकला गेलेल्या संघात मात्र नव्हता. १९६१ पासून अर्जुन पुरस्कार सुरू झाले. फुटबॉलचा पहिला मान पी. के. बॅनर्जींना मिळाला, आणि तो योग्यच होता. पण नेव्हिलचा क्रमांक कधीच लागला नाही. १९८० च्या मार्च महिन्यात, पन्नाशीही न गाठता, तो गेला. त्या शनिवारानंतर त्याला आयुष्य मिळाले ते तेवीस वर्षांचे.

दोघांत गुणांचा फरक होता का? गोल तर सारखेच होते. फरक होता तो पायांखालच्या जमिनीचा. तिकडे क्लब होते, लीग होती, खेळ संपल्यावर प्रशिक्षकाची खुर्ची होती. आपल्याकडे कंपनी होती. टाटा, कॅल्टेक्स, रेल्वे: या आस्थापनांनी खेळाडूंना सांभाळले, हे त्यांचे उपकारच. पण खेळाडू पगार घेई तो नोकरीचा. चेंडू हा त्याचा जोडधंदा. लायबेरियासारख्या लहानग्या देशातला जॉर्ज विआ मोनॅको, पॅरिस, मिलान असा चढत जाऊन १९९५ साली जगातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. तो एकही विश्वचषक खेळला नाही, पण शिडी त्याला सापडली. नेव्हिलच्या काळात आपल्या अंगणात ती शिडीच नव्हती.

आज थोडी आहे. व्यावसायिक लीग आहे. कोल्हापूरच्या रिक्षावाल्याचा मुलगा अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळून त्या लीगमध्ये पोहोचला आहे. आमच्या नागपुरातच हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन फुटबॉल सुरू केला, त्यावर पुढे नागराज मंजुळे यांचा 'झुंड' निघाला. मात्र शिडीच्या पायऱ्या अजून थोड्या आहेत आणि चढू पाहणारे फार.

माझे उत्तर

म्हणजे मुलाला निरुत्तर करायला गेलो आणि मीच निरुत्तर झालो. नेव्हिलची कहाणी बापाच्या बाजूने साक्ष देते, तशीच मुलाच्याही. पोट भरते का? नोकरीने भरले. मग खेळला कशासाठी? ज्याने देशासाठी तीन गोल केले त्याला हा प्रश्न विचारायचा अधिकार मला तरी नाही. पण त्याला विसरून जायचा अधिकारही मला नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात मुलाला बोलावले आणि म्हटले, "नेव्हिल डिसूझा, टाटांचा. ऑस्ट्रेलियाविरुद्ध नऊ, तेहतीस आणि पन्नासाव्या मिनिटाला." त्याने मान वर केली. मी म्हणालो, "सामन्यांची पत्रे आण, हजेरीचे मी बोलतो. पण पदवी सोडायची नाही. नेव्हिलला टाटा भेटले. तुला कोण भेटेल, ते आपल्याला ठाऊक नाही."

गेल्या उन्हाळ्यात तो पदवीधर झाला. नोकरी अजून नाही. दोन-तीन ठिकाणी निवड-चाचण्या देऊन आला आहे. त्याच्या आग्रहावरून मी एकदा कामठीला सामना पाहायला गेलो. कामठी ही जुनी लष्करी छावणी. रब्बानी क्लबचे हे गाव, इथल्या मातीला फुटबॉल नवा नाही. उत्तरार्धात आमच्या पठ्ठ्यासमोर गोल मोकळा होता, आणि त्याने चेंडू दांडीवरून आकाशात धाडला!

माझ्या शेजारी एक गृहस्थ ताडकन उभे राहून दोन्ही हातांनी कपाळ बडवीत ओरडले, "अबे, खाली ठेव ना बॉल! किती डाव सांगतलं तुले!"

मी वळून पाहिले. त्याचे वडीलच होते. ऑटो मैदानाच्या फाटकापाशी उभा होता.