चा बुम-गुन आणि देशाचं देणं

३० डिसेंबर १९७८. पश्चिम जर्मनीतल्या डार्मश्टाट फुटबॉल संघाकडून एक पंचवीस वर्षांचा कोरियन खेळाडू बोखुमविरुद्ध मैदानात उतरला. डार्मश्टाटसाठी त्याचा हा पहिला सामना, आणि शेवटचाही. काही दिवसांतच त्याला मायदेशी परतावं लागलं, कारण हवाई दलातली त्याची सक्तीची सेवा अजून पुरी झालेली नव्हती. ती संपवून १९७९च्या उन्हाळ्यात तो पुन्हा जर्मनीला गेला, आणि तिथे दहा वर्षं टिकला.

चा बुम-गुन यांच्या कारकिर्दीबद्दल जेवढं वाचावं तेवढं वाटत राहतं, की ही गोष्ट केवळ गोलांची नाही. एखादा देश आपल्या खेळाडूवर किती हक्क सांगू शकतो, हा प्रश्न तिच्यात पुन्हा पुन्हा समोर येतो.

जन्म १९५३चा, ग्योंगी प्रांतातल्या ह्वासोंगचा. एकोणिसाव्या वर्षी राष्ट्रीय संघात निवड झाली. उजव्या बगलेवरून सुसाट धावत जाणारा हा विंगर चोविसाव्या वर्षापर्यंत देशासाठी शंभर सामने खेळून मोकळा झाला होता. त्या वयात एवढे सामने होतात याचा अर्थ, बोलावलं की जायचं, विश्रांतीचा प्रश्नच नाही. १९७६ साली राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या नावाने भरणाऱ्या स्पर्धेत मलेशियाविरुद्ध कोरिया १-४ असा मागे पडला होता. शेवटच्या काही मिनिटांत चा यांनी एकट्याने तीन गोल करून सामना ४-४ असा बरोबरीत सोडवला. तो सामना कोरियात अजून सांगितला जातो. त्या काळी देशात व्यावसायिक लीगच नव्हती, ती १९८३ साली सुरू झाली. अशा देशातला खेळाडू थेट बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या अव्वल लीगमध्ये, जाणं म्हणजे काय, याची कल्पना आज करणं अवघड आहे. त्यांच्याआधी जपानचे ओकुदेरा तिथे पोचले होते, पण कोरियातून वाट काढणारे चा पहिलेच.

आइनट्राख्ट फ्रांकफुर्टबरोबर त्यांनी पहिल्याच हंगामात, १९८० साली, युएफा कप जिंकला. पुढल्याच ऑगस्टमध्ये लेव्हरकुझेनच्या युर्गन गेल्सडोर्फने मागून मारलेल्या टॅकलने त्यांच्या मणक्याला गंभीर दुखापत झाली. फ्रांकफुर्टचे चाहते इतके संतापले, की गेल्सडोर्फला धमक्या येऊ लागल्या. चा यांनी मात्र त्याच्यावर राग धरला नाही. त्याच हंगामाच्या शेवटी, मे १९८१मध्ये, ते जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यात कायझर्सलाउटर्नविरुद्ध गोल करताना दिसले. आणखी दोन वर्षांनी ते लेव्हरकुझेनमध्ये गेले, तेव्हा तिथे गेल्सडोर्फ त्यांचा सहकारी होता. बुंडेसलिगातल्या ३०८ सामन्यांत त्यांचे ९८ गोल आहेत, आणि त्यांतला एकही पेनल्टीवरचा नाही. मला या आकड्यापेक्षा दुसरा आकडा मोठा वाटतो : एवढ्या सामन्यांत त्यांना पिवळं कार्ड एकदाच मिळालं.

१९८८च्या युएफा कपची अंतिम फेरी दोन सामन्यांची होती. पहिला सामना लेव्हरकुझेन एस्पान्योलकडून ०-३ असा हरला. घरच्या सामन्यात दोन गोल फिटले, आणि ८१व्या मिनिटाला चा यांनी तिसरा केला. पेनल्टींवर कप लेव्हरकुझेनचा झाला. तेव्हा ते पस्तिशीला टेकले होते.

प्रशिक्षक म्हणून उल्सानच्या ह्युंदाई संघात काही वर्षं काढल्यावर १९९७ साली राष्ट्रीय संघ त्यांच्या हाती आला. २८ सप्टेंबरला टोकियोत विश्वचषकाच्या पात्रता फेरीत जपानने आघाडी घेतली होती. ८३व्या मिनिटाला सो जुंग-वनने बरोबरी साधली आणि तीनच मिनिटांनी ली मिन-सुंगने लांबून मारलेल्या फटक्याने सामना फिरला. जपानला जपानमध्येच हरवल्यावर चा यांचं नाव घरोघरी झालं.

पण दिवस वाईट होते. १९९७च्या अखेरीस देशावर आर्थिक संकट कोसळलं. लोक कर्ज फेडायला घरातलं सोनं सरकारच्या हवाली करत होते. अशा समाजाला विश्वचषकात एक तरी विजय हवा होता, आणि कोरियाने तोवर विश्वचषकात एकही सामना जिंकलेला नव्हता. १९९८च्या विश्वचषकासाठी फ्रान्सला निघायच्या तोंडावर चीनविरुद्धच्या सराव सामन्यात मुख्य आघाडीवीर ह्वांग सुन-होंग जायबंदी झाला. मेक्सिकोविरुद्ध हा सोक-जूने फ्री किकवर गोल केला आणि लगोलग रेड कार्ड मिळून तो बाहेर गेला. सामना १-३ असा गेला. मग २० जूनला मार्सेयमध्ये नेदरलँड्सकडून ०-५.

संघ स्पर्धेत असतानाच चा यांना पदावरून काढून घरी पाठवलं गेलं. त्या विश्वचषकात सौदी अरेबिया आणि ट्युनिशिया यांनीही प्रशिक्षकांना असंच मध्येच दूर केलं, त्यामुळे हा प्रकार एकट्या कोरियाचा नव्हता. तरीही मला तो अन्याय वाटतो. समोरचा नेदरलँड्सचा संघ उपांत्य फेरीपर्यंत गेलेला, त्याचे प्रशिक्षक गुस हिडिंक. याच हिडिंकना कोरियाने पुढे बोलावलं आणि संघ घडवायला दीड वर्षाचा निवांत वेळ दिला. चा यांना शेवटचा गटसामनाही मिळाला नाही. तो बेल्जियमशी १-१ असा सुटला.

त्याच वर्षी त्यांनी एका मासिकाला मुलाखत देऊन देशातल्या लीगमध्ये सामन्यांचे निकाल आधीच ठरतात असा आरोप केला. देशाच्या फुटबॉल संघटनेने त्यांच्यावर पाच वर्षांची बंदी घातली. ते चीनमध्ये शेन्झेनच्या संघाकडे गेले. २०११ साली कोरियन लीगमध्ये निकाल-निश्चितीचं प्रकरण फुटलं आणि डझनावारी खेळाडूंवर बंदी आली. तेवढ्यावरून १९९८चे त्यांचे आरोप खरे ठरले असं म्हणता येणार नाही. पण बोलणाऱ्याला गप्प करून रोग जात नाही, एवढं तेव्हाच कळायला हवं होतं.

२००२च्या विश्वचषकात ते दूरचित्रवाणीवर समालोचक होते, आणि मैदानात त्यांचा मुलगा चा दू-री खेळत होता. पुढे सुवोन सॅमसंगचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी २००४ आणि २००८ साली लीग जिंकली. २००८चा निर्णायक सामना सोलविरुद्ध, डिसेंबरच्या थंडीत. सुवोन श्रीमंत संघ होता हे खरं, पण हाताशी चांगले खेळाडू असणं आणि त्यांच्याकडून दोनदा जेतेपद मिळवणं यांत फरक आहे. २०१०मध्ये ते पायउतार झाले.

युरोपातल्या त्यांच्या १२१ गोलांचा विक्रम कोरियाच्याच सोन ह्युंग-मिनने नोव्हेंबर २०१९मध्ये मोडला. त्याच महिन्यात जर्मनीने चा यांना आपल्या राष्ट्रीय सन्मानाचं पदक दिलं. टोकियोत बरोबरीचा गोल करणारा सो जुंग-वन, तोही विंगरच, पुढे सुवोनचा प्रशिक्षक झाला, २०१६चा एफए कप जिंकला, आणि चीनमध्ये जाऊन त्याने चेंगदूचा संघ वरच्या लीगमध्ये नेला. आणि चा दू-री २०२५च्या हंगामापासून कोरियाच्या दुसऱ्या स्तरावरच्या लीगमध्ये एका नव्या संघाला शिकवू लागला. तो संघ ह्वासोंगचा, त्याच्या वडिलांच्या गावचा.